रविवारी दुकान उघडताना

प्रश्न : भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी चारलाच बंद होतं, कोपऱ्यावरचं किराणा दुकान मात्र रात्रीपर्यंत चालू. असं का? वेळ वाढवायला विरोध कोणाचा?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : इंग्लंड-वेल्समध्ये १९९४चा रविवार व्यापार कायदा आहे. २८० चौरस मीटरपेक्षा (सुमारे ३,००० चौरस फूट) मोठ्या दुकानाला रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांमधले सलग सहाच तास विक्री करता येते. १० ते ४ चालेल, ११ ते ५ चालेल. दुपारी बंद ठेवून सहा तासांचे दोन तुकडे चालत नाहीत. मापात गोदाम धरत नाहीत, गिऱ्हाईक वावरतं आणि माल मांडलेला असतो तेवढीच जागा धरतात. छोट्या दुकानांना हे बंधन नाही.

वेळ वाढवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना देण्याचा सरकारी प्रस्ताव २०१६ मध्ये ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला. विरोधात दुकान-कामगारांची संघटना होती, तसे छोटे दुकानदारही होते. मोठ्यांची शटरं पडली की छोट्यांचा गल्ला भरू लागतो. तिथे नोकराला लेखी नोटीस देऊन तीन महिन्यांनी रविवारचं काम नाकारता येतं. केवळ रविवारसाठी नेमलेल्याला मात्र ही सोय नाही. या नियमांतली सर्वांत मोलाची तरतूद हीच, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : आमच्या कापड दुकानात २४ माणसं आहेत. आता सातही दिवस, १० ते ९ उघडायचं आहे. आहेत त्यांच्यातच भागेल का?
— एक दुकानदार, मंगळ बाजार, बडोदे

उत्तर : नाही भागणार. गुजरातेत २०१९च्या कायद्याने दुकान वर्षभर उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक माणसाला आठवड्यातून सलग २४ तास सुटी द्यावीच लागते. रोज २४ जण हवेत म्हणजे आठवड्याच्या १६८ पाळ्या. एकाच्या सहा धरल्या तर माणसं लागतात २८. चार नवीन नेमा. ‘रविवारी जरा येऊन जा’ म्हणून हे चार वाचवले की सातवा दिवस जुन्यांच्या अंगावर पडतो, आणि जादा कामाचा पगार दुप्पट द्यावा लागतो तो वेगळाच.

दोन तुकड्या करा, १० ते ७ आणि १२ ते ९. जेवणाचा एक तास वजा जाता आठ तास भरतात. सुटीचा वार दर आठवड्याला बदलू नका. या आठवड्यात सोमवार आणि पुढच्यात रविवार दिला, तर मध्ये सलग १२ दिवस काम होतं. माणूस आजारी पडतो किंवा सोडून जातो, आणि दोष त्याच्यावर येतो.

मुलांना शाळेची सुटी रविवारी असते, म्हणून त्या दिवशीचा हिशेब वेगळा मांडा. २८ पैकी २४ बोलावलेत तर एकेकाच्या वाट्याला सात आठवड्यांनी सुटीचा एक रविवार येतो. रविवारी दुकान १२ लाच उघडून १२ ते ९ अशी एकच तुकडी ठेवलीत आणि २१ जणांत भागवलंत, तर दर चौथा रविवार प्रत्येकाला घरी मिळेल. त्याच्या बदल्यात त्या रविवारच्या सर्वांत जवळचा त्याचा ठरलेला सुटीचा वार कामाचा धरा, म्हणजे दोन सुट्यांमधलं अंतर कमीत कमी लांबेल. वेळापत्रक महिनाभर आधी भिंतीवर लावा.