शुगर उतरते आणि जीव घाबरतो, तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना एक तक्रार माझ्यासमोर सतत येते. बाजाराच्या दिवशी तर ती हमखास ऐकायला मिळते. "मॅडम, शुगर साडेतीनशे होती तवा मले काहीच होत नव्हतं. गोळ्या सुरू केल्या, शुगर दीडशेवर आली, अन् आता हातपाय कापतात, घाम फुटते, काळीज धडधड करते. ह्या गोळ्या माह्या अंगाले मानवत नाहीत." माणूस बदलतो, गाव बदलते, आकडे थोडे मागेपुढे होतात, पण निष्कर्ष बदलत नाही. बहुतेक वेळा गोळी आठ-पंधरा दिवसांपूर्वी बंद करूनच माणूस माझ्यापर्यंत पोहोचलेला असतो.

या तक्रारीला घरचे लोक 'मनाचे खेळ' म्हणतात आणि तिथेच पहिली गफलत होते. हा त्रास खरा असतो. ज्यांची साखर कित्येक महिने किंवा वर्षे चढलेली असते, त्यांच्या शरीराला तीच पातळी नेहमीची वाटू लागते. उपचाराने ती भराभर खाली आली, की प्रत्यक्षात धोका नसतानाही शरीर 'साखर कमी झाली' अशी सूचना देते आणि ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके रक्तात सोडते. थरथर, घाम, धडधड, एकाएकी लागलेली भूक हे सगळे त्या संप्रेरकांचे काम असते. 1988 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या लोकांना साखर सरासरी 53 पर्यंत उतरल्यावर अशी लक्षणे जाणवली, तर मधुमेह ताब्यात नसलेल्या रुग्णांना ती 78 च्या आसपासच जाणवू लागली. दवाखान्यात तर 130 आणि 140 वरही कापरे भरलेले रुग्ण आम्हांला नेहमी भेटतात. काही आठवडे साखर योग्य पातळीवर टिकली, की शरीर तिला सरावते आणि हा त्रास हळूहळू ओसरतो. हे शास्त्र डॉक्टर सांगतात आणि मीही सांगते. पण नुसते शास्त्र सांगून कोणाची बंद झालेली गोळी पुन्हा सुरू झाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

हे ज्यांच्यामुळे मला नीट उमगले, त्या काकाजींची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय साठीच्या पुढे, कापूस आणि तुरीची शेती, मधुमेह निघून दहाएक वर्षे झालेली, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी 11.6 टक्के, म्हणजे साखर बरीच चढलेली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वाढवली होती आणि सोबत ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीरातले इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारी गोळी, सुरू केली होती. दोन-तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर 310 वरून 150 च्या घरात आली, घरात सगळ्यांना आनंद झाला आणि नेमके तेव्हापासून काकाजींचे दुखणे सुरू झाले.

काकू सोबत आल्या होत्या. त्यांनी सांगितले, की उशाशी साखरेचा डबा ठेवलेला असतो. यांना कापरे भरले, की दोन चमचे साखर आणि वरून गोड चहा. "अन् दहा मिन्टात मानूस ताजा होते, मॅडम."

"मग रात्रीची गोळी?" मी विचारले.

"त्या दिवशी देत नाही. उगंच अजून कमी झाली तं?"

त्या दोघांच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नव्हते. कापरे भरते, साखर खाल्ली की थांबते, म्हणजे साखरच कमी झाली होती; गोळी सोडली की बरे वाटते, म्हणजे गोळीच बाधत होती. मी ज्या विचारपद्धतीत घडले तिचा आधार हा आहे, की अंगाला जे जाणवते आणि त्यानंतर माणूस जे करतो, त्यांच्या मध्ये त्याने स्वतः लावलेला एक अर्थ उभा असतो. कृती बदलायची असेल, तर आधी तो अर्थ त्याच्याच तोंडून बाहेर यावा लागतो. म्हणून "साखर खाऊ नका" असे मी त्यांना म्हटले नाही. मी विचारले, "काकाजी, कापरं भरलं की मनात काय येतं?"

"माह्या अंगाले तीनशे शुगर लागतेच, मॅडम. काही अंगाले तेवढी लागते. दीडशेवर माही गाडी चालत नाही."

हाच तो अर्थ होता. यात मरणाचे भय होतेच. कापरे भरले की ते भय आणखी ॲड्रेनालिन सोडायला लावते, त्याने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड भयाला पुन्हा दुजोरा देते. पण त्या भयाखाली ही पक्की समजूत होती, की तीनशे हीच आपल्या देहाची मूळ गरज आहे. ती समजूत जागेवर असेपर्यंत कोणतीही गोळी त्यांना शत्रूच वाटणार होती.

पहिले काम आम्ही साधे ठेवले. त्यांच्या मुलाने शुगरचे मशीन घेतलेले होते, पण पट्ट्या महाग म्हणून ते फळीवर पडून होते. रोज तपासू नका, पण कापरे भरेल तेव्हा साखर तोंडात टाकण्याआधी बोट टोचा आणि आकडा लिहा, एवढेच मी मागितले. नातीने शाळेच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले: वेळ, काय झाले आणि आकडा. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोरीने गोल, ठळक अक्षरात लिहिले होते, 'दुपारी 4, आबाजी कापले, 138'. खाली, 'रात्री 9, आबाजीला घाम आला, 162'. त्याच्याही खाली, 'सकाळी, आबाजी घाबरले, 127'. पानभर नोंदींत एकही आकडा 110 च्या खाली नव्हता.

काकाजींना वाचता येत होते. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे तं मी म्हनतोच हाय. दीडशेच्या खाली मले जमत नाही." तोच पुरावा त्यांनी आपल्या समजुतीच्या पारड्यात टाकला होता. अशा वेळी वाद घालण्याचा मोह होतो, पण त्याऐवजी माणसाला त्याच्याच आयुष्यातला असा काळ आठवायला लावावा, की जो या समजुतीत बसत नाही, असे माझ्या कामाने मला शिकवले आहे.

"काकाजी, शुगर निघायच्या आधी, म्हणजे तुमच्या चाळिशीत, या अंगाला किती साखर लागत होती?"

"तवा कोन मोजली?"

"मोजली नाही, पण मधुमेह नसलेल्या माणसाची उपाशीपोटी शंभराच्या आतच असते. तुमचीही तेवढीच असणार. तेव्हा वावरात कापरं भरायचं का?"

"तवा?" ते जवळजवळ रागावलेच. "तवा मी दिवसभर वखर धरत होतो. कापसाचं गाठोडं एकटा उचलून बंडीत टाकत होतो."

"शंभर शुगरवर?"

काकाजी थांबले. काकूंकडे पाहिले, वहीकडे पाहिले. मी काहीही बोलले नाही, कारण समोरचा माणूस स्वतःशी हिशेब मांडत असतो तेव्हा समुपदेशकाने मध्ये पडू नये, या मताची मी आहे. मग ते सावकाश म्हणाले, "म्हंजे हे अंग इसरलं. शंभरावर कसं राहावं, हेच इसरलं. मंग त्याले पुन्हा शिकवा लागन."

हे वाक्य मी त्यांना सुचवलेले नव्हते आणि म्हणूनच ते टिकले. 'गोळी बाधते' या जागी 'अंग विसरले आहे, त्याला शिकवायचे आहे' हा अर्थ आला, आणि त्याबरोबर कापऱ्याचे रूपही बदलले. कालपर्यंत ते मरणाचे लक्षण होते, आता ते शिकण्यातले कष्ट झाले. साखर खाऊन ते कापरे थांबवले, की पातळी पुन्हा तीनशेकडे जाते आणि शरीराला खालच्या पातळीवर राहण्याचा सरावच मिळत नाही, हे मग मला समजावून सांगावे लागले नाही. काकूंनीच डबा उशाकडून स्वयंपाकघरात नेला. डॉक्टरांशी बोलून औषधाची वाढ टप्प्याटप्प्याने ठेवली, म्हणजे साखर एकदम न कोसळता उतरत जाईल. पुढच्या पानांवर '131, थोडं कापलं' आणि महिन्याभराने '124, काही नाही' अशा नोंदी येऊ लागल्या. 'काही नाही' या दोन शब्दांखाली नातीने दोन रेघा ओढल्या होत्या.

पण ही हकिकत इथेच थांबवली, तर ती धोक्याची ठरेल. कापसाच्या वेचणीचे दिवस आले आणि एका सकाळी काकाजी ग्लिमेपिराइड घेऊन, नुसत्या चहावर वावरात गेले. अकराच्या सुमारास घामाने भिजले, बोलणे अडखळू लागले, सुनेचे नावही त्यांना आठवेना. सुनेने सोबत नेलेले मशीन काढले, आकडा 58. तिने लगेच साखरेचे पाणी पाजले. ही साखर खरोखर कमी झालेली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या गोळीची मात्रा निम्मी केली आणि ती जेवणाला जोडून घ्यायला सांगितली.

नंतर मी काकाजींना विचारले, की 138 चे कापरे आणि 58 चे कापरे यांत सुरुवातीला काय फरक वाटला. ते म्हणाले, "काहीच नाही. सुरू तं सारखंच झालं." म्हणूनच माझा आग्रह आकड्याचा आहे. मशीन जवळ असेल, तर आधी आकडा पाहावा. तो 70 च्या खाली असेल, तर विचार करत न बसता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि आकडा वर आल्यावर भाकर-भाजी खावी. आकडा 70 ते 100 च्या मध्ये असून जेवणाला वेळ असेल, तर भाकरीचा तुकडा किंवा मूठभर फुटाणे पुरतात. तो शंभराच्या वर असेल, तर गोड न खाता सावलीत बसावे, पाणी प्यावे, सोबत कोणीतरी असू द्यावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, कारण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर त्या वेळी उतरणीवरही असू शकते. मशीन नसेल, तर मात्र कमी झाली असेच समजून साखर घ्यावी. एकदा चढलेली साखर उतरवता येते, पण कोसळलेल्या साखरेत घालवलेला वेळ परत मिळत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, 108 ला फोन करावा. आणि आकडा चांगला असूनही घाम, छातीत दाब, दम किंवा जबडा-हात दुखणे असेल, तर तो साखरेचा प्रश्न मानू नये. मधुमेहात हृदयाचा झटका कित्येकदा अशाच अस्पष्ट लक्षणांनी येतो, म्हणून त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

याची दुसरी बाजूही लोकांना माहीत नसते. ज्यांची साखर वारंवार खरोखर कमी होते, त्यांच्या शरीराची सूचना उलट उशिरा येऊ लागते. 50 वर येऊनही त्यांना कापरे भरत नाही आणि थेट गोंधळल्यासारखे होते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही धडधड आणि थरथर झाकली जाते. त्यामुळे 'मले काही होत नाही, म्हंजे शुगर बरोबर हाय' हा हिशेब दोन्हीकडून चुकतो.

पहिल्या काही आठवड्यांत आणखी दोन गोष्टी घडतात आणि त्यांचा दोषही गोळीलाच दिला जातो. साखर उतरताना डोळ्यातल्या भिंगामधले पाण्याचे प्रमाण बदलते आणि नजर अंधूक होते. यासाठी घाईने नवा चष्मा करू नये, साखर स्थिर होऊन सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर तो चष्मा वाया जातो. मात्र डोळ्याच्या पडद्याची तपासणी लांबवू नये, कारण जुना बिघाड असेल तर साखर झपाट्याने उतरताना तो काही काळ वाढू शकतो. दुसरी गोष्ट तळपायांची. एचबीएवनसी थोड्या महिन्यांत फार झपाट्याने खाली आली, तर काहींच्या पायांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. काकाजींना हा त्रास थोडाच झाला, पण आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंनी त्यापायी इन्सुलिनच सोडून दिले होते. हे दुखणे बहुतेकांचे काही महिन्यांत कमी होते आणि तोवर त्यावर वेगळे औषध मिळते. म्हणून डॉक्टरांना "पायाची आग होते" एवढेच सांगून थांबू नये, "गोळी किंवा इन्सुलिन सोडावंसं वाटते" हेही त्याच भेटीत सांगावे, म्हणजे मात्रा आणि वेग दोन्ही त्यांना बदलता येतात.