खेकड्यातला कृमी आणि टीबीसारखा खोकला

प्रश्न : भाऊ नोकरीनिमित्त मणिपूरला असतो. चार महिने टीबीच्या गोळ्या घेऊनही तांबूस बेडका पडतो. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. तिथे ओढ्यातले खेकडे निखाऱ्यावर शेकून खाल्ले होते. संबंध असेल का?

असू शकतो, आणि हे डॉक्टरांना आजच सांगा. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या पट्ट्यात पॅरागोनिमस हा चपटा कृमी आढळतो. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धकच्चा खाल्ला की या कृमीची पिल्लं आतड्याची भिंत भेदतात, श्वासपटल ओलांडतात आणि फुप्फुसात मुक्काम ठोकतात. तिथे कृमी कॉफीच्या बीएवढा होतो. बेडक्याचा गंजासारखा रंग रक्त आणि कृमीची अंडी यांमुळे. एक्स-रे तर हुबेहूब टीबीचा वाटतो. टीबीसाठी रंगवलेल्या काचपट्टीवर अंडी सहसा दिसत नाहीत. न रंगवलेला बेडका मुद्दाम तपासायला सांगावं लागतं. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर संशय बळावतो. निदान झालं तर प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध दोन-तीन दिवस पुरतं. हे ऐकून रुग्ण चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण टीबीच्या गोळ्या मनानेच बंद करू नका. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

प्रश्न : आम्ही खेकड्याचे पाय पाट्यावर वाटून, रस गाळून रश्शात घालतो. शेजारच्या आजी तोच रस खोकल्यावर कच्चा पाजायला सांगतात.

रस्सा चांगला खदखदू द्या आणि खुशाल ओरपा. भीती त्याआधीची : वाटताना उडालेले शिंतोडे, रस पिळलेला हात, त्याच हाताने चिरलेली कोथिंबीर. पाटा-वरवंटा कढत पाण्याने धुवा. कच्चा रस मात्र कुणालाच नको. कोरियात एकेकाळी गोवर झालेल्या मुलांना गोड्या पाण्यातल्या शेवंड्यांसारख्या प्राण्याचा कच्चा रस देत; हा कृमी पोरांच्या छातीत शिरण्याची ती एक वाट होती.

प्रश्न : मुलगी टोकियोत सुशी खाते. तिलाही हाच धोका?

हाच नाही. सुशीतल्या कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस हा वेगळा कृमी असू शकतो. तो पोटात रुततो, काही तासांत जोराची कळ येते, मग दुर्बीण घालून चिमट्याने काढतात. फुप्फुसाकडे तो सहसा जात नाही. लिंबू, व्हिनेगर, वासाबी यांवर विसंबू नका. मासा उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा.

प्रश्न : आणि तव्यावरचा बांगडा?

काट्यालगतचं मांस सहज सुटत नसेल तर परत तव्यावर टाका.