पोकलेन हलत नाही? आधी पंप खोलू नकोस

भावा, इंजिन मस्त चालू आहे पण बूम, बकेट, स्विंग, ट्रॅक काहीच हलत नाही, असं असेल तर लगेच पंपावर पाना लावू नकोस. सगळंच एकदम गेलं म्हणजे बहुतेक वेळा पायलट प्रेशर (मेन व्हॉल्व्ह हलवणारा तेलाचा छोटा दाब) पोचत नाहीये, आणि ते सोडणारा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह, सीटच्या डाव्या बाजूच्या सेफ्टी लिव्हरखालच्या छोट्याशा स्विचवर चालतो. फ्यूज बघ, मग चावी ऑन करून हेल्परला लिव्हर वरखाली करायला सांग आणि तू सोलेनॉइडच्या कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) नटाला स्क्रूड्रायव्हर टेकव, करंट येत असेल तर तो चिकटतो.

नाही चिकटला तर मीटर लावून व्होल्ट मोज. पण कनेक्टर काढून नुसते २४ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नकोस, वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर २४ दाखवतो, लोड आला की बसतो. कनेक्टर लावलेलाच ठेव, मागून पिन घालून मोज. १६-१७ व्होल्टच दिसले तर वायर नाहीतर अर्थिंग गेलंय. मी यात दोन दिवस घालवलेत एकदा, पार्टीला नवीन कॉइल आणायला लावली आणि शेवटी निघालं काय, सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर. तोंड दाखवायला जागा नव्हती राव.

आणि हो, बकेट जमिनीला टेकवून आणि माणसं लांब उभी करूनच हे कर, वायर जुळली की मशीन अचानक हलू शकतं.