सुरक्षा अधिकारी व्हायचे, तर आधी शॉप फ्लोअरवर

प्रश्न : माझे यजमान लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर आहेत. दोन वर्षांपूर्वी ॲसिड उडून त्यांचा हात भाजला. मुलगा बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून त्याला सुरक्षा अधिकारी व्हायचे आहे. महिनाभराचा ‘हमखास नोकरी’चा कोर्स करतो म्हणतो. काय करावे? – एक आई, खेड

उत्तर : ताई, घरात भाजलेला हात रोज दिसत असताना मुलाला त्याच वसाहतीत पाठवायचे म्हणजे जीव धास्तावणारच. तरीही त्याला जाऊ द्या, असेच मी सांगेन. मात्र त्या कोर्सच्या वाटेने नव्हे. महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांनी सुरक्षा अधिकाऱ्यासाठी रसायनशास्त्राच्या पदवीधराला पर्यवेक्षक म्हणून पाच वर्षांचा कारखान्यातील अनुभव, औद्योगिक सुरक्षेची पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान, अशा अटी घातल्या. ही पदविका मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत करता येते. नव्या कामगार संहितांमुळे नियम बदलत असल्याने प्रवेशाआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून ताजी पात्रता जरूर विचारून घ्यावी.

पाच वर्षांची अट मला जाचक वाटत नाही, कारण हेल्मेट आणि मास्क वाटणे एवढेच हे काम नाही. सांडपाण्याच्या बंदिस्त टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास थांबला म्हणून वायू गेला, असा समज होऊन माणूस खाली उतरतो. त्याला काढायला धावलेला सहकारीही तिथेच कोसळतो. अशा ठिकाणी कार्ट्रिजचा मास्क उपयोगी पडत नाही, कारण तो हवा गाळतो, ऑक्सिजन पुरवत नाही. म्हणून माणूस आत उतरवल्याशिवाय टाकी साफ होईल का, हा पहिला प्रश्न. उतरावेच लागले तर टाकीला येणाऱ्या सर्व पाइपलाइन बंद करणे, आत ताजी हवा खेळवणे, ऑक्सिजन आणि विषारी व ज्वलनशील वायू मोजणे, आत उतरण्याचे लेखी परमिट देणे आणि बचावाच्या तयारीनिशी बाहेर माणूस उभा ठेवणे, हे सारे त्याआधी. उत्पादनाची घाई असताना ‘परमिट मिळणार नाही’ असे प्लांट मॅनेजरला सांगण्याचे बळ प्रक्रिया हाताखालून गेल्याशिवाय येत नाही. त्यामुळे चिरंजिवांनी पदवीनंतर उत्पादन विभागात, म्हणजेच शॉप फ्लोअरवर, नोकरी धरावी, शिफ्ट कराव्यात आणि पर्यवेक्षक व्हावे, पदविका त्यानंतर.

तोपर्यंत एक काम त्याला घरीच करता येईल. वडिलांच्या हातावर उडालेल्या ॲसिडचे सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला कारखान्यात एसडीएस म्हणतात, ते मिळवून दोघांनी एकत्र वाचावे. त्यातील आठव्या विभागात कोणते हातमोजे वापरावेत ते दिलेले असते. वडिलांना सध्या मिळणारे मोजे तेच आहेत का, हे त्याने ताडून पाहावे आणि नसतील, तर वडिलांनी सुरक्षा समितीकडे लेखी मागणी करावी.