दुकानाच्या क्यूआरवर आलेले पैसे आणि गोठलेलं खातं

प्रश्न : नागपुरात बर्डीवर माझं मोबाईलचं दुकान आहे. महिन्यापूर्वी एका अनोळखी गिऱ्हाइकाने 32,400 रुपयांचा हँडसेट घेतला. आमच्या क्यूआर कोडचा फोटो काढून त्याने कुणाला तरी पाठवला आणि ‘भाऊ पैसे टाकतोय’ म्हणाला. पैसे जमा झाल्याचं साउंडबॉक्स बोलला, मी बिल फाडून मोबाईल दिला. आता दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने माझं अख्खं चालू खातं गोठवलं आहे. त्यात 4 लाख 86 हजार अडकलेत. बँक म्हणते, पोलिसांचं ना-हरकत पत्र आणा. परवा ‘तपास अधिकारी बोलतोय’ असा फोन आला. या नंबरवर 32,400 पाठवा, संध्याकाळपर्यंत खातं सुरू होईल, असं सांगितलं. पाठवू का? मी आरोपी आहे का?

उत्तर : पैसे पाठवू नका. फोनवरचा माणूस ठग असेल तर ही रक्कमही गेली. तो खरोखर पोलीस असला, तरी गुन्ह्याच्या तपासातली रक्कम खासगी यूपीआय नंबरवर घ्यायचा अधिकार त्याला नाही. पावती मिळणार नाही, खातं उघडल्याचं पत्रही नाही. त्याला एवढंच सांगा : नोटीस सरकारी ई-मेलवरून पाठवा, मी लेखी उत्तर देतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार स्पष्ट दिसतो. त्या ठगाने तुमचा क्यूआर दूर कुठेतरी एखाद्या भाबड्या माणसाला पाठवला. वीजबिल, डिपॉझिट, काहीही सांगितलं असेल. त्या माणसाने पैसे भरले ते थेट तुमच्या खात्यात. फसवणूक लक्षात आल्यावर त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग तुमच्या काउंटरवर येऊन थांबला. ठगाच्या हातात मात्र रोखीत विकता येईल असा नवा मोबाईल राहिला. पैसा मिनिटभरात तीन राज्यं ओलांडतो आणि पोलीस ठाणं, दंडाधिकारी, हद्द हे सगळं जागच्या जागी असतं. या गुन्ह्यांतली खरी अडचण हीच, आणि तिची किंमत बहुतेक वेळा तुमच्यासारखा मधला माणूस मोजतो.

आता कायदा. ‘पोलिसांना खातं गोठवताच येत नाही’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने तापस नियोगी प्रकरणात 1999 मध्येच ठरवलं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 102 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 106 आहे. पण त्याच कलमानुसार जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना तात्काळ द्यावी लागते, आणि जप्ती गुन्ह्याशी संबंध असलेल्या मालमत्तेचीच होऊ शकते. 32,400 साठी 4 लाख 86 हजार अडवून ठेवणं यात कसं बसतं? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत वादग्रस्त रकमेपुरतंच खातं गोठवा, असं बँकांना बजावलं होतं. तो निकाल नागपुरात बंधनकारक नाही, पण मांडता नक्की येतो.

माझं मत असं की 32,400 साठी आत्ता भांडू नका. ते पैसे कुणाच्या तरी घामाचे आहेत, तेवढी रक्कम राखून ठेवायला लेखी संमती द्या आणि बाकीचं खातं मोकळं करा म्हणा. आधी बँकेकडून लेखी मागा : कोणतं ठाणं, तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणतं कलम, किती रक्कम, कोणता यूटीआर (त्या व्यवहाराचा क्रमांक). शाखेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ही माहिती हाती आली की त्या ठाण्याला ई-मेल आणि स्पीड पोस्टने अर्ज करा. अर्जासोबत बिल, जीएसटीची नोंद आणि विकलेल्या मोबाईलचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) जोडा. खऱ्या चोरापर्यंत नेणारा तो एकच धागा आहे आणि तो फक्त तुमच्याकडे आहे.

तिथूनही उत्तर आलं नाही तर दोन वाटा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण तो त्या राज्यात जाऊन. दुसरी वाट सिव्हिल लाइन्समधल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेची. खातं, शाखा आणि नुकसान नागपुरात आहे, म्हणून घटनेच्या कलम 226(2) नुसार इथे दाद मागता येते. तुमच्या बाबतीत मी हीच वाट धरेन.

आरोपी आहात का, हे नोटिशीवरचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम सांगेल. 94 असेल तर कागदपत्रं मागितली आहेत. 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि ते कलम फक्त त्या ठाण्याच्या व लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला लागू होतं. 35(3) असेल तर तुमच्यावर संशय आहे. अशा वेळी वकील गाठा आणि हजर राहायचं टाळू नका. चोरीचा माल ठेवल्याच्या गुन्ह्यात (न्याय संहिता, कलम 317) अप्रामाणिक हेतू आणि माल चोरीचा असल्याची जाण, किंवा तसं मानायला कारण, लागतं. तुमची कच्ची बाजू एकच : पैसे पाठवणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाचं नव्हतं आणि तुम्ही विचारलं नाही. ते लपवू नका. ‘भाऊ टाकतोय’ हे त्याचं वाक्य अर्जात जसंच्या तसं लिहा.

दुकानातल्या सीसीटीव्हीवर जुनं चित्रण पुसून नवं चढत जातं, म्हणून त्या दिवसाचं अजून शिल्लक असेल तर आजच उतरवून घ्या. ते न्यायालयात द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागेल. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत चालत नाही, हे 2020 च्या अर्जुन खोतकर निकालाने पक्कं केलं आहे. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बदलू नका, विकू नका.

आणि या खात्यावरचे जे चेक तुम्ही घाऊक व्यापाऱ्यांना दिलेत, त्यांना आजच लेखी कळवा आणि त्यांचे पैसे दुसऱ्या मार्गाने द्या. चेक परत गेलाच आणि चेक न वटल्याबद्दलची (परक्राम्य संलेख अधिनियम, कलम 138) नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत रक्कम भरा. खातं उघडण्याची वाट बघत ती मुदत जाऊ देऊ नका.