घोडीची फर्स्ट एड पेटी: औषधं नंतर, आधी थर्मामीटर

प्रश्न: यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. आमचं गाव फलटण तालुक्यात, घोड्याचा जाणकार डॉक्टर यायला दोन-तीन तास सहज लागतात. फर्स्ट एडसाठी काय काय घेऊन ठेवू आणि कुठे ठेवू? ज्यांच्याकडून घोडी घेतली ते म्हणाले दुखण्याची दोन इंजेक्शनं कायम शेडमध्ये असू द्या.

उत्तर: दादा, इंजेक्शनचं नंतर बोलू, पहिली खरेदी थर्मामीटरची करा, साधा डिजिटल, मेडिकलमधला. त्याला हातभर दोरा बांधायचा आणि दोऱ्याच्या टोकाला कपड्यांचा चिमटा, म्हणजे थर्मामीटर व्हॅसलीन लावून गुदद्वारात घातला की चिमटा शेपटीच्या केसांना लावता येतो, नाहीतर घोडीने शेपूट हलवली की तो लिदीत पडतो किंवा आत जातो. उभं राहायचं ते बाजूला, पुठ्ठ्याला टेकून, मागे कधीच नाही. निवांत असताना ताप ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, हिरड्या ओलसर गुलाबी. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोट फिरवलं की लागते. घोडी ठणठणीत असताना आठवडाभर हे आकडे लिहून ठेवा कारण डॉक्टरला फोनवर "घोडी कशीतरी करतेय" सांगण्यात आणि "नाडी ६४ आहे, सकाळपासून लीद नाही" सांगण्यात फार फरक पडतो, दुसरं ऐकलं की माणूस लगेच गाडी काढतो.

आता इंजेक्शन. पोटशूळ उठला, घोडी पाय आपटते, कुशीकडे वळून बघते, लोळते, की लोक आधी सुई टोचतात आणि मग फोन करतात. दुखणं दबतं, आतडं मात्र आत पिळलेलं असेल तर तसंच राहतं, आणि डॉक्टर येतो तेव्हा घोडी बरी दिसते. शिवाय फ्लुनिक्सिन, म्हणजे घोड्याला दुखण्यावर देतात ते इंजेक्शन, मांसात टोचलं तर तिथे जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, ते शिरेतूनच द्यायचं आणि घोड्याच्या मानेत शिरेशेजारी धमनी असते, म्हणजे ते आपलं काम नाही. आणि माणसांचं डायक्लोफिनॅक तर अजिबात नको, जनावरांसाठी ते २००६ मध्येच बंद झालंय, मेलेल्या जनावरातून पोटात जाऊन गिधाडांच्या किडन्या खलास व्हायच्या म्हणून. पोटशुळात तुम्ही एवढंच करा, चारा काढून घ्या, आकडे घ्या, फोन करा. तोंडातून तेल, सोडा ओतू नका, घोड्याला उलटी होत नाही आणि ओतलेलं फुप्फुसात जायची भीती असते.

जखमेसाठी मात्र पेटी भरलेली हवी. सलाइनच्या ५०० मिलीच्या बाटल्या, झाकणाला सुईने भोक पाडलं की धार चांगली लागते. पोव्हिडोन आयोडीन, पण पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हळद, जळकं ऑइल, रॉकेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही नको. गॉझ, कापसाचे मोठे रोल, चार-पाच क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, टॉर्च, खूर साफ करायचा आकडा, माश्या बसू नयेत म्हणून जखमेवर मारायचा स्प्रे. पायाला बँडेज बांधताना खाली कापूस जाड हवा, नुसतं क्रेप करकचून आवळलं की शिरांना काच बसतो. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी आलं तर जखम नखाएवढी असली तरी त्याच दिवशी डॉक्टर. खुरात खिळा दिसला की आधी फोटो काढून डॉक्टरला पाठवा, किती आणि कुठल्या कोनात गेलाय ते महत्त्वाचं, चालताना आणखी आत घुसणार असेल तरच काढा. आणि धनुर्वाताची लस पेटीत नसते, ती आधीच टोचलेली असायला हवी, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. तारीख मात्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, शेजारी डॉक्टरचा नंबर आणि १९६२ म्हणजे फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा.

ठेवायची कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये नाही, एवढं नक्की. एप्रिलमध्ये तिथे चाळीसच्या वर जातं, बहुतेक औषधांवर तीसच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, चिकटपट्टीचा तर डिंकच वितळतो. गाडीच्या डिकीतही तेच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, घरात किंवा पक्क्या भिंतीच्या खोलीत, दाराजवळ, उंदरांच्या आवाक्याबाहेर. पावसाळ्यात कापूस ओल धरतो म्हणून सगळं वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत. डब्याला कुलूप नको, रात्री चावी सापडत नाही, त्यापेक्षा झाकणावर कागदी पट्टी चिकटवा, फाटलेली दिसली की समजायचं कात्री कोणीतरी नेलीये.

प्रश्न: माथेरानला आमचे घोडे आहेत, दिवसभर पॉइंटवर असतो. एवढी पेटी सोबत कशी न्यायची?

उत्तर: न्यायची नाहीच, ती घरी. खोगिराला एक छोटी पिशवी बांधा, त्यात सलाइनची लहान बाटली, दोन क्रेप बँडेज, कापूस, खुराचा आकडा, आणि दोन-तीन सॅनिटरी पॅड, रक्त थांबवायला दाबून धरायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. रक्त येत असेल तर पाच मिनिटं तरी दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका, भिजलं तर वरून दुसरं लावा. गाडी तिथे येणार नाही, तेव्हा लंगडणाऱ्या घोड्यावरून गिऱ्हाइकाला आधी उतरवा, पैशाची घासाघीस नंतर करा.