‘४ आणि २’चा अर्थ काय? यूएस ज्युनियर अ‍ॅमेच्युअरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यूएस ज्युनियर अ‍ॅमेच्युअर या अमेरिकेतल्या हौशी किशोर गोल्फपटूंच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या अंतिम सामन्याचा निकाल ‘४ आणि २’ असा दिलेला असतो. गोल्फमध्ये हा कसला स्कोअर? आणि पहिल्या विजेत्याचे नाव पुढे कुठेच कसे दिसत नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हा मॅच प्लेचा निकाल आहे. टीव्हीवर आपण बहुतेक वेळा स्ट्रोक प्ले पाहतो, म्हणजे चार दिवसांच्या फटक्यांची बेरीज. मॅच प्लेमध्ये समोर एकच प्रतिस्पर्धी असतो आणि प्रत्येक होल (मैदानाच्या १८ टप्प्यांपैकी एक) हा वेगळा हिशेब. तुम्ही ४ फटक्यांत पूर्ण केलात आणि त्याला ९ लागले, तरी तुमच्या खात्यात एकच होल जमा. उरलेल्या होलपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. ‘४ आणि २’ म्हणजे चार होलची आघाडी आणि खेळायचे दोनच शिल्लक. १८ होलचा तो सामना सोळाव्या होलवर संपला.

साल १९४८, मैदान अ‍ॅन आर्बरचे, मिशिगन विद्यापीठाचे. जिंकला डीन लिंड. पुढे गाजला मात्र हरलेला मुलगा, केन व्हेंटुरी. १९६४ मध्ये त्याने काँग्रेशनल क्लबवर यूएस ओपन ही गोल्फमधली सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक जिंकली. तेव्हा यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ३६ होल खेळावे लागत. त्या दिवशीच्या भयंकर उकाड्यात अंगातले पाणी कमी होऊन तो कोसळायच्या बेतात होता, तरी त्याने फेरी पुरी केली. या स्पर्धेचा इतिहास वाचताना उपविजेत्यांची यादी आवर्जून उघडी ठेवावी, ती विजेत्यांच्या यादीइतकीच बोलकी आहे.

प्रश्न : टायगर वुड्सने ही स्पर्धा सलग तीन वेळा जिंकली. त्याच्या वयोगटात त्याला कुणी तोडीचा नव्हताच का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तसे अजिबात नव्हते. तिन्ही अंतिम सामने केसाच्या अंतराने सुटले. १९९१ मध्ये बे हिलवर १९ होल लागले, म्हणजे १८ होलनंतर बरोबरी आणि पुढच्या होलवर निकाल. १९९२ मध्ये वॉलॅस्टनला मार्क विल्सनविरुद्ध फक्त एका होलने विजय. १९९३ मध्ये पोर्टलंडच्या वेव्हर्लीवर पुन्हा १९ होल.

तो तिसरा सामना नीट पाहण्यासारखा आहे. दोन होल शिल्लक असताना वुड्स रायन आर्मरपेक्षा दोन होलने मागे होता. या स्थितीला डॉर्मी म्हणतात : पुढे असलेल्याला सामना संपवायला उरलेल्यांपैकी एक होल नुसता बरोबरीत सोडवला तरी पुरते. अशा वेळी मागे असलेल्याला ‘पार’, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत होल पुरा करणे, काही कामाचा नसतो, कारण समोरच्यानेही पार केला की खेळ खलास. वुड्सने सतराव्यावर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली, अठराव्यावरही बर्डी केली आणि एकोणिसाव्यावर सामना जिंकला. स्ट्रोक प्लेमध्ये त्या दोन बर्डींनी दोन फटके वाचले असते, इतकेच. इथे त्यांनी संपत आलेला सामना परत उघडला.

ही स्पर्धा तीनदा जिंकणारा तो एकटाच. जॉर्डन स्पीथने दोनदा जिंकली, २००९ आणि २०११ मध्ये. दिग्गज जॅक निकलॉसला ती एकदाही जिंकता आली नाही.

प्रश्न : क्लबच्या ज्युनियर मॅच प्लेमध्ये माझ्या मुलीने होलपासून अर्ध्या फुटावरचा चेंडू उचलला. प्रतिस्पर्धी मुलगी म्हणाली, ‘मी दिला नव्हता.’ एक फटका दंड बसला. इतक्या जवळचा पुट दिलेलाच धरत नाहीत का?
– एक पालक, पुणे

उत्तर : नाही. पुट ‘देणे’ म्हणजे होलमध्ये ढकलायचा तो छोटा फटका न मारताच झाला असे मानणे. पुट कितीही जवळचा असो, ‘दिला’ हे प्रतिस्पर्ध्याने स्पष्ट शब्दांत किंवा स्पष्ट खुणेने सांगावे लागते. तोपर्यंत चेंडू खेळात आहे.

अगदी असाच प्रसंग २०१७ मध्ये मुलींच्या यूएस ज्युनियरच्या उपांत्य फेरीत, मिझुरीतल्या बून व्हॅलीवर घडला. सामना एकोणिसाव्या होलवर गेला होता. एरिका शेफर्डचा पार झाला होता. प्रतिस्पर्धी मुलीला जिंकण्यासाठी छोटासा बर्डी पुट हवा होता, तो चुकला आणि चेंडू काही इंचांवर थांबला. तो पुट दिला असे समजून तिने चेंडू पटरने मागे ओढला. शेफर्डने मात्र काही म्हटले नव्हते. त्या क्षणी तिने डोळे मिटून घेतले होते. एका फटक्याचा दंड बसला, पारची बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली आणि सामना संपला. तो पुट नक्की दिला असता, असे शेफर्ड नंतर म्हणाली. पण चेंडू हलल्यानंतर तिच्याही हातात काही उरले नव्हते. पुढे अंतिम सामनाही तिनेच जिंकला.

तुमच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. दंड एक फटक्याचाच असतो, पण चेंडू जागेवर परत ठेवून पुट पूर्ण करावा लागतो. मुले रडवेली होऊन चेंडू खिशात टाकतात आणि पुढच्या टीकडे (पुढचा होल सुरू होतो त्या जागेकडे) चालू लागतात. तिथे होलच हातचा जातो. प्रतिस्पर्ध्याचे बोलणे खरोखरच ‘दिला’ असे ऐकू आले असेल, तर दंड न लावता चेंडू परत ठेवता येतो. म्हणून चेंडूला हात लावण्याआधी, जागेवरूनच, समोरच्या खेळाडूला विचारायचे : ‘दिला?’ उत्तर खेळाडूनेच द्यायचे. कॅडीला (बॅग सांभाळणाऱ्या सोबत्याला) पुट देण्याचा अधिकार नाही, आईवडिलांना तर नाहीच. एकदा दिलेला पुट परत घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

मॅच प्लेमध्ये मुलांच्या हातून सुटणाऱ्या आणखी काही गोष्टी याच सुराने शिकवाव्यात. दंड झाला असेल तर तो प्रतिस्पर्ध्याला लवकरात लवकर सांगावा. दडून राहिला तर होल गमवावा लागतो. चुकीचा चेंडू मारला तरी होल गेला. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब (गोल्फच्या काठ्या) निघाले तर ज्या ज्या होलवर ते होते त्याबद्दल एकेक होल कापला जातो, जास्तीत जास्त दोन. आपली पाळी नसताना मारले तर दंड नाही, पण तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला असतो. पहिला फटका सुंदर बसला असेल तर तो हा हक्क बजावणारच, आणि त्यात गैर काही नाही. हे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फच्या दोन नियमसंस्था मिळून ठरवतात, त्यामुळे बून व्हॅलीला लागू तेच पुण्यालाही लागू.

प्रश्न : मुलींची स्पर्धा मुलांनंतर किती वर्षांनी सुरू झाली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एकाच वर्षाने. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया कंट्री क्लबवर पहिली स्पर्धा झाली आणि मार्लीन बाऊरने ती जिंकली. पुढच्याच वर्षी एलपीजीए या महिला व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची स्थापना झाली, आणि तिच्या १३ संस्थापकांत ही मुलगी होती! हॉलिस स्टेसीने १९६९ ते १९७१ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, म्हणजे वुड्सच्या २२ वर्षे आधी. तिची आठवण फार कमी वेळा काढली जाते. पुढे तिने यूएस विमेन्स ओपनही तीनदा जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या मिंजी लीने २०१२ मध्ये मुलींचे आणि तिचा भाऊ मिन वू याने २०१६ मध्ये मुलांचे विजेतेपद मिळवले. ही कामगिरी करणारी ती पहिली बहीण-भावंडे.

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा झाला. आता संधी गेली का? आणि स्पर्धेचा आठवडा कसा असतो?
– एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : गेली नाही. २०१६ पर्यंत अठरावा वाढदिवस ही सीमा होती. २०१७ पासून ती १९ झाली. खेळाडू हौशी असला पाहिजे आणि त्याचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) त्या वर्षीच्या अर्जात दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. ज्यांना थेट प्रवेश नाही त्यांना पात्रता फेरी खेळावी लागते.

मुख्य स्पर्धेत २६४ मुले दोन मैदानांवर एकेक फेरी, असे ३६ होल स्ट्रोक प्ले खेळतात. त्यातून ६४ मॅच प्लेमध्ये जातात : पहिला चौसष्टाव्याशी, दुसरा त्रेसष्टाव्याशी. पुढे पाच फेऱ्या आणि ३६ होलचा अंतिम सामना. विजेत्याला आठवड्यात १६० च्या आसपास होल खेळावे लागू शकतात, आणि शेवटचे तीन दिवस रोज दोन फेऱ्यांचे. एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चाल होते. म्हणून तयारीत सलग दोन दिवस ३६-३६ होल चालून पाहा. दुसऱ्या दुपारी पाय थकले की पहिल्यांदा पटिंग बिघडते. खाणे भूक लागण्याआधी, दर तीन-चार होलला थोडे थोडे.

अंतिम सामना ३६ होलचा झाला तो २००५ पासून. त्याचा परिणाम २०१५ मध्ये दिसला. फिलिप बार्बरी आठ होल शिल्लक असताना पाच होलने मागे होता, तरी सदतिसाव्या होलवर जिंकला.

२०१८ ची स्पर्धा तुमच्याच राज्यात, बाल्टसरॉलवर झाली होती. भारतीय वंशाचा अक्षय भाटिया अंतिम फेरीत मायकेल थॉर्बजोर्नसनकडून एका होलने हरला. विजेत्याला पुढच्या वर्षीच्या यूएस ओपनमध्ये थेट प्रवेश मिळाला. तो एक होल केवढ्याला पडला पाहा. भाटियाने पुढे पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत विजय मिळवले, २०२४ ची टेक्सास ओपन त्यातलीच.

प्रश्न : इथे जिंकलेला मुलगा मोठेपणीही जिंकतोच का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काही जिंकतात : जॉनी मिलर (१९६४), डेव्हिड ड्युव्हल (१९८९), स्कॉटी शेफलर (२०१३). पण शेफलरच्या वर्षीचा उपविजेता बघा, डेव्हिस रायली. तो २०१३ मध्ये शेफलरकडून ३ आणि २ असा हरला, २०१४ मध्ये विल झॅलाटॉरिसकडून ५ आणि ३. सलग दोन अंतिम सामने गेले. मे २०२४ मध्ये टेक्सासमधल्या कलोनियल क्लबवर शेवटच्या दिवशी रायली आणि शेफलर पुन्हा एकाच गटात होते. शेफलर तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. रायलीने ती स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली.